दादाची गोळी आणि माकडाच्या लिव्हरमधलं एन्झाइम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय त्याबद्दल आधीच माफी मागते. पण हा विषय चार ओळीत लिहिला तर परत अर्धवटच राहील आणि अर्धवट माहितीबद्दलच तर माझी तक्रार आहे. मागच्या एका रविवारच्या पुरवणीत लेख आला होता की फ्री रॅडिकल हे शरीराचे शत्रू, ते पेशी जाळतात, म्हातारपण आणतात, कॅन्सर करतात, म्हणून रोज अँटीऑक्सिडंट, म्हणजे त्यांना निकामी करणारे पदार्थ, घ्या, आणि त्याच पानावर खाली तशाच कॅप्सूलची जाहिरात. कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, अशा पन्नास आहेत बाजारात.

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे दादाच म्हणतो त्याला, त्याने तो लेख कात्रीने कापून फ्रिजवर चिकटवलाय. दादा गेली ४५ वर्षं सिगारेट ओढतो. जिना चढताना मध्ये थांबतो, पहाटे खोकल्याची ढास लागली की वहिनी उठून गरम पाणी आणून देतात, आणि मी काही बोलले की म्हणतो, अगं मी ती अँटीऑक्सिडंटची गोळी घेतो ना रोज, ती धूर साफ करते आतला, पेपरात आलंय. गोळीच्या डबीवर बीटा कॅरोटीन लिहिलेलं आहे. मी ३१ वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली, फ्री रॅडिकलवर दरवर्षी तीन-चार लेक्चरं घेतली, आणि माझ्या सख्ख्या भावाला मी हे समजावू शकले नाही, कारण त्याच्या हातात छापील कागद आहे आणि माझ्याकडे नुसतं तोंड. म्हणून हे पत्र, म्हणजे माझ्याही बाजूने काहीतरी छापलेलं असेल.

आपण श्वासात घेतलेला ऑक्सिजन पेशीत वापरला जातो तेव्हा शेवटी त्याचं पाणी व्हायचं असतं, पण सगळाच काही नीट शेवटपर्यंत पोचत नाही, थोडा मधेच एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन सुटतो, त्याला सुपरऑक्साइड म्हणतात, हाच एक फ्री रॅडिकल. त्याच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, आणि तो जर मोकळ्या लोखंडाच्या संपर्कात आला तर त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो, तो मात्र खरंच वाईट, जे जवळ असेल त्याला लगेच डसतो, मग ते डीएनए असो नाहीतर पेशीच्या पडद्यातलं फॅट. इथपर्यंत लेखात होतं आणि बरोबर होतं. लेखात एका शब्दानेही नव्हतं ते हे, की याचा बंदोबस्त करायला शरीरात जन्मापासून एन्झाइमं आहेत, आणि ती इतकी जबरदस्त आहेत की गोळीतलं कुठलंही व्हिटॅमिन त्यांच्या वेगाच्या आसपास जात नाही. पहिलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज, आम्ही लॅबमध्ये एसओडीच म्हणायचो, ते सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन करतं. दुसरं कॅटलेज, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचा एकच रेणू एका सेकंदात लाखो रेणू फोडतो. तिसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, ज्याला सेलेनियम लागतं. आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाचं आणखी एक घराणं आहे, ते शांतपणे खूप काम करतं पण त्याचं नाव कुठल्याच जाहिरातीत येत नाही.

मी एसओडी पहिल्यांदा "बघितलं" ते एमेस्सीला असताना, १९८१ साली. सकाळी सहा वाजता मटणाच्या दुकानात जाऊन बोकडाची ताजी कलेजी आणायची, थर्मासात बर्फ घालून, खाटिकमामा ओळखीचे झाले होते, विचारायचे ताई रोज कलेजीच का नेता, मटण नाही का खात. लॅबमध्ये बर्फावरच काचेच्या होमोजिनायझरमध्ये थंड बफर घालून ती घोटायची, बोटं बधिर व्हायची, मग थंड सेंट्रिफ्यूजला फिरवायची आणि वरचं लालसर पाणी घ्यायचं. दुसरीकडे पायरोगॅलॉल. पायरोगॅलॉल हवेतल्या ऑक्सिजनबरोबर आपोआप पिवळं आणि मग तपकिरी पडत जातं, आणि पडताना सुपरऑक्साइड तयार होतो आणि तोच सुपरऑक्साइड पुढच्या पायरोगॅलॉलला आणखी तपकिरी करतो, असं एकातून एक पेटत जातं. रंग मोजायचं यंत्र ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशावर लावून त्याचा काटा बघत बसायचं, रंग चढतोय, चढतोय. मग त्यात कलेजीचं ते पाणी थेंबभर टाकलं की काटा जागच्या जागी मंदावतो. मला आजही आठवतं, पहिल्यांदा तो काटा मंदावला तेव्हा मी सरांना ओरडून बोलावलं होतं. डोळ्याला न दिसणारी, कुणी न मागता आतमध्ये चोवीस तास चाललेली गोष्ट समोर घड्याळ लावून मोजता येत होती.

तेव्हा हा विषय नवाच होता म्हणायचा. १९६९ साली अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत जो मॅककॉर्ड हा विद्यार्थी आणि आयर्विन फ्रिडोविच हे त्याचे गाइड, या दोघांनी बैलाच्या रक्तातल्या एका निळसर-हिरव्या प्रोटीनचं खरं काम काय ते शोधलं. ते प्रोटीन केंब्रिजच्या मान आणि कायलिन यांनी १९३८ मध्येच वेगळं काढून ठेवलं होतं, त्यात तांबं आहे हेही माहीत होतं, पण ते करतं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षं फडताळात पडलेली किल्ली, आणि कुलूप सापडलं ते १९६९ ला. पुढे कळलं की आपल्याकडे ही एसओडी एक नाही, तीन आहेत, एक पेशीच्या द्रवात, तांबं आणि जस्तवालं, एक मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवायच्या कारखान्यात, मँगनीजवालं, आणि एक पेशीच्या बाहेर. ही जागेची गोष्ट लक्षात ठेवा, परत येणार आहे पुढे.

आता माकडांबद्दल. आमच्या सरांनी अमेरिकेत बाल्टिमोरला रीप्रिंट मागवायचं कार्ड पाठवलं होतं (तेव्हा असंच चालायचं, कार्डावर पेपरचं नाव लिहून पोस्टात टाकायचं आणि लेखक स्वखर्चाने छापील प्रत पाठवायचे), दोनेक महिन्यांनी पाकीट आलं. टोल्मासॉफ, ओनो आणि कटलर यांचा १९८० चा पेपर. त्यांनी १२ नरवानर गणातले प्राणी, माणूस त्यात धरून, आणि २ उंदरांच्या जातीचे, असे १४ प्राणी घेतले आणि त्यांच्या लिव्हर, मेंदू आणि हृदयातलं एसओडी मोजलं. प्रश्न साधा होता आणि फार सुंदर होता. नरवानर सगळे एकाच कुळातले, शरीराची ठेवण सारखी, पण कुणी १५-२० वर्षं जगतं, लालतोंडी रीसस माकडं पाळलेली असतील तर ४० च्या आसपास जाऊ शकतात, चिंपांझी पन्नाशी गाठतात, आणि माणसाच्या नोंदीत १२२ वर्षं आहेत. मग जे जास्त जगतात त्यांच्या अवयवात हे एन्झाइम जास्त असतं का?

उत्तर आलं, नुसतं एसओडी बघितलं तर असं काही सरसकट दिसत नाही. इथे पाच मिनिटं थांबावं असं मला वाटतं, कारण जाहिरातवाले नेमके इथेच उडी मारून पुढे जातात. माणसात जास्त, माकडात कमी, उंदरात सगळ्यात कमी, असा सरळ जिना मिळाला नाही. पण जेव्हा त्यांनी त्या एसओडीला त्या प्राण्याच्या चयापचयाच्या वेगाने, म्हणजे एक ग्रॅम शरीर दिवसाला किती ऊर्जा जाळतं त्याने भागलं, तेव्हा मात्र आकडे आयुष्याच्या मर्यादेबरोबर छान चढत गेले, तिन्ही अवयवात. रॉकेलचा स्टोव्ह आठवा. मोठा करून ठेवला की भांड्याला काजळी जास्त धरते, तेव्हा घरात घासणारे हात किती एवढंच बघून उपयोग नाही, स्टोव्ह किती जोरात चाललाय त्या मानाने हात किती ते बघायचं. लहान प्राण्याचा स्टोव्ह भडकलेला असतो, आपला मंद आहे, आणि मंद असूनही घासणारे हात आपण भरपूर ठेवलेत, असा त्याचा अर्थ लागतो.

मी तो पेपर इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटला. आणि तरी शिकवताना मुलांना मी दरवर्षी सांगायचे की बाळांनो, दोन गोष्टी बरोबर वाढताना दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नाही. ते तपासायला मग उंदरांवर पुढची पंचवीस-तीस वर्षं प्रयोग झाले. ज्या उंदरांच्या पिल्लांत मायटोकाँड्रियातलं एसओडी अजिबात नव्हतं ती जन्मल्यावर काही दिवसांतच मेली, म्हणजे ते नसून चालतच नाही. पण ज्यांना तांबं-जस्तवालं एसओडी आणि कॅटलेज मुद्दाम जास्तीचं दिलं, जीन घालून, ते उंदीर काही जास्त जगले नाहीत, २००९ साली हे आलं. आणि २००५ साली आलेला एक प्रयोग, त्यात कॅटलेज नेहमीच्या जागी न ठेवता थेट मायटोकाँड्रियात पोचेल असं केलं, तर ते उंदीर साधारण २० टक्के जास्त जगले. म्हणजे किती यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं निघालं. आता मला सांगा, तोंडाने गिळलेल्या कॅप्सूलला कोण सांगणार की तू मायटोकाँड्रियात जा म्हणून?

सकाळी बागेच्या गेटवर गव्हांकुराचा रस विकतात, तिथे पाटी असते यात एसओडी आहे. असेलही, हिरव्या रोपात असतंच. पण एन्झाइम म्हणजे प्रोटीन, ते पोटात गेलं की ॲसिड आणि पेप्सिन त्याचे तुकडे करतात, जसे डाळीतल्या किंवा अंड्यातल्या प्रोटीनचे करतात. घरी करून बघा. मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, कच्च्या बटाट्याच्या कापावर दोन थेंब टाका, फसफस करून पांढरा फेस येतो, ते कॅटलेज आहे. आता उकडलेल्या बटाट्यावर टाका, तसाच राहतो, बुडबुडा म्हणून येत नाही, कारण प्रोटीनची घडी मोडली की एन्झाइम संपलं. आणि पोटात तर नुसती घडी मोडत नाही, कापडाच्या चिंध्या होतात. गव्हांकुर जरूर प्या आवडत असेल तर, पालेभाजीसारखंच समजून प्या, पण त्यातलं एसओडी तुमच्या लिव्हरमध्ये जाऊन बसेल असं समजून महिन्याला हजार रुपये घालवू नका.

फेसावरून जपानमधली एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, वर्गात ही सांगितली की मागच्या बेंचवरची मुलंसुद्धा वर बघायची. ओकायामाचे ताकाहारा नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी एका लहान मुलीच्या तोंडातली सडलेली जखम साफ करून त्यावर नेहमीप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. फेस यायला हवा होता. आलाच नाही, उलट रक्त काळपट तपकिरी झालं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता बाटली जुनी असेल. त्यांनी ओळखलं की या मुलीच्या रक्तातच कॅटलेज नाही, १९४८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आणि गंमत बघा, असे बरेचसे लोक तसे ठीकठाक जगतात, काहींना तोंडातल्या जखमांचा त्रास होतो एवढंच, कारण कॅटलेज नसलं तरी ग्लुटाथायोनवालं आणि पेरॉक्सिरेडॉक्सिनवालं काम सांभाळून घेतात. एकत्र कुटुंबासारखं आहे ते, एक जाऊ आजारी पडली तर दुसरी स्वयंपाक बघते.

नरवानर कुळात आपल्या बाबतीत दोन गोष्टी अशा झाल्यात की त्यांचा आपल्या रोजच्या जेवणाशी संबंध आहे. पहिली, बोकड स्वतःच्या लिव्हरमध्ये व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतो, त्याला आवळा लागत नाही. आपल्याला, आपल्या वाड्याच्या कौलांवर नाचणाऱ्या लालतोंड्यांना, काळतोंड्या वानरांना, चिंपांझीला, कुणालाच ते येत नाही, कारण ते बनवायच्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम आपल्या पूर्वजांत साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी बिघडलं, जीन अजून आहे आपल्यात, मोडक्या अवस्थेत. मादागास्करचे लेमूर मात्र आपलेच लांबचे चुलत असून अजून बनवतात. म्हणून पेरू, लिंबू, आवळा हे आपल्याला खावंच लागतं, आणि कास रोडला माकडं पर्यटकांचे चिप्स खाऊन राहतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, त्यांनाही फळपाला लागतो तितकाच.

दुसरी गोष्ट युरिक ॲसिडची. हल्ली घरटी एकाचं युरिक ॲसिड वाढलेलं असतं, अंगठा सुजतो, रात्री चादरसुद्धा लागू देत नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज नावाचं एन्झाइम असतं ते युरिक ॲसिड पुढे फोडून टाकतं, आपल्यात आणि चिंपांझी-गोरिला-ओरांगउटान यांच्यात ते निकामी झालंय. १९८१ साली ब्रूस एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की हा नुसता तोटा नसावा, कारण रक्तातलं युरिक ॲसिड हे चांगलं ताकदीचं अँटीऑक्सिडंट आहे, आणि व्हिटॅमिन सी बनवणं गेल्यावर कदाचित त्याची जागा यानं थोडीफार भरून काढली असेल. कल्पना आहे ती, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून सांगत नाही, आणि हे वाचून कुणी गाउटची गोळी बंद करू नये हे हात जोडून सांगते. मी एवढ्यासाठी लिहिलं की "अँटीऑक्सिडंट म्हणजे चांगलं, जितकं जास्त तितकं चांगलं" हे म्हणणाऱ्याला विचारा, मग युरिक ॲसिड पण अँटीऑक्सिडंटच आहे, वाढवायचं का?

आणि शत्रू हा शब्द. शत्रू कसे म्हणता तुम्ही त्यांना? आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि मग त्याला मारायला स्वतः मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात, त्यासाठी त्यांच्याकडे खास एन्झाइम आहे, एनएडीपीएच ऑक्सिडेज. हे ज्या बाळांत जन्मतः नसतं त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो, गळवं, न्यूमोनिया, बुरशीचे इन्फेक्शन, एकामागून एक. मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे अशा बाळांच्या रक्ताची तपासणी होते, पेशीत एक रंग घालून बघतात की पेशी चेतवल्यावर चमकते का. निरोगी पेशी चमकते. म्हणजे फ्री रॅडिकल तयार होण्याची शक्ती आहे की नाही हेच तिथे तपासतात, आणि ती असावी म्हणून आईबाप देवाला नवस बोलतात. त्याला शत्रू म्हणून कसं चालेल. व्यायाम केल्यावर स्नायूत थोडे जास्त ऑक्सिडंट तयार होतात आणि त्या धक्क्यानेच शरीर आपली स्वतःची एन्झाइमं वाढवायला लागतं. २००९ साली जर्मनीत तरुणांवर प्रयोग झाला, चार आठवडे व्यायाम, त्यातल्या निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई. गोळ्या घेणाऱ्यांत इन्सुलिन नीट लागू पडण्यातला तो व्यायामाचा फायदा दिसला नाही, न घेणाऱ्यांत दिसला.

एसओडी बिघडून होणारा आजारही सांगते. एएलएस, ज्यात माणसाचे स्नायू हळूहळू निकामी होत जातात, त्यातल्या काही घराण्यांत दोष एसओडी-१ च्या, म्हणजे पेशीच्या द्रवातल्या तांबं-जस्तवाल्या एसओडीच्या, जीनमध्ये असतो हे १९९३ साली कळलं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं एन्झाइम कमी पडतंय. नंतर लक्षात आलं की कमी पडणं नाही, त्या चुकीच्या घडीच्या प्रोटीनचा स्वतःचाच त्रास होतोय. आणि २०२३ साली अमेरिकेत त्या रुग्णांसाठी जे औषध मंजूर झालं, टोफरसेन, ते एसओडी-१ कमी करतं. वाढवत नाही, कमी करतं. फक्त त्या जीनवाल्यांसाठीच आहे ते, पण "एसओडी वाढवा" असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आता दादाच्या डबीवर येते, ज्यासाठी लिहायला बसले. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजराचा रंग. गाजर-भोपळा जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो असं आधीच्या पाहण्यांत दिसलं होतं, म्हणून चांगल्या हेतूनेच फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर, ५० ते ६९ वयाच्या, पाच ते आठ वर्षं चाचणी झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही, काहींना नुसती रिकामी गोळी. १९९४ साली निकाल आला, बीटा कॅरोटीनवाल्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. कमी नाही हो, जास्त! कुणाचा विश्वास बसेना. मग अमेरिकेतली दुसरी मोठी चाचणी, त्यात सिगारेट ओढणारे आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले लोक होते, बीटा कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए एकत्र दिलेलं, तिथे २८ टक्के जास्त, ती तर १९९६ च्या जानेवारीत वेळेआधी थांबवावी लागली. पुढे व्हिटॅमिन ई च्या चाचणीत, ती प्रोस्टेट कॅन्सर टळेल म्हणून केली होती, २०११ साली १७ टक्के जास्त प्रोस्टेट कॅन्सर दिसला. हे सगळं गोळीचं चाललंय, गाजराचं नाही. गाजर खुशाल खा.

तीस वर्षं झाली या गोष्टीला. तीस वर्षांत हे दादापर्यंत पोचलं नाही आणि जाहिरात मात्र महिन्याभरात फ्रिजवर पोचली. मला राग कंपनीचा कमी येतो, तिचा धंदाच आहे तो, मला वाईट वाटतं ते आपल्या पेपरबद्दल, कारण आमच्या घरात हा पेपर आजोबांपासून येतो आणि यात छापलं म्हणजे खरं, असंच आम्ही मोठे झालो.

माझी विनंती फार मोठी नाही. जिथे कुठे अँटीऑक्सिडंट गोळ्यांबद्दल छापाल, लेख असो वा जाहिरात, तिथे एक ओळ घाला की सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. किती मिलिग्रॅम ते लिहा, कारण अर्ध्या जाहिरातींत ते नसतंच. आरोग्याचा लेख आणि त्याच मालाची जाहिरात एकाच पानावर शेजारी शेजारी नको, वाचणाऱ्याला कुठे लेख संपला आणि कुठे जाहिरात सुरू झाली कळत नाही, दादाला नाही कळलं, तो बँकेत ऑफिसर होता. आणि मुलांच्या पानावर एखादा रविवार त्या बटाट्याच्या प्रयोगाला द्या, एक कच्चा काप, एक उकडलेला, आणि पेरॉक्साइडचे थेंब, मोठं माणूस शेजारी बसवून, डोळ्यात उडणार नाही अशा बेताने. मी लिहून देते हवं तर, चित्रासकट, मानधन नको.

काल संध्याकाळी दादाकडे गेले होते. वहिनींनी चहा टाकला, मी ते कात्रण बघत उभी राहिले, कडा पिवळ्या पडायला लागल्यात त्याच्या. दादा म्हणाला, तू काय ते लिहितेयस म्हणे पेपरला. म्हटलं हो. म्हणाला, छापून आलं तर वाचीन. त्याला रोजचा पेपर सकाळी साडेसहाला मिळतो आणि तो वाचकांच्या पत्रांपासूनच सुरुवात करतो, म्हणून शक्य झालं तर हे पत्र फार न कापता छापा. कापायचंच झालं तर माझ्या एमेस्सीच्या आठवणी कापा, जपानची हकीकत कापा, फिनलंडचा आकडा मात्र ठेवा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा